पाकिटामागची यादी

यांनी अकरा महिने जपलेली यादी,
विजेच्या बिलाच्या पाकिटामागे,
निळ्या शाईत, आकडे घालून:
१. उचलता पूल. २. दीपगृह.
३. जहाज, नशीब असेल तर. ४. तळं.
तळं चौथं का, मी विचारलं नाही.
लग्नाला अकरा महिने झाले होते
आणि एकत्र राहून पाच दिवस.

ऑक्टोबर एकाहत्तर. डुलूथ, मिनेसोटा.
नारायणपेठीवर यांचा कोट,
चपलेत लोकरीचे मोजे, अंगठ्यापाशी चिमटून कोंबलेले,
अशी निघाले मी तळं बघायला.
कोल्हापुरात आमचा रंकाळा होता,
त्याला एक वळसा घातला की भेळेपुरती भूक लागायची.
एवढाच माझा तळ्यांचा अनुभव.

उतारावरून खाली पोचलो
तर धुकं आमच्याआधी येऊन बसलेलं.
साधंसुधं नव्हे. भातावरचं झाकण काढल्यावर
चष्म्याचं होतं ना, तसं अख्ख्या गावाचं झालेलं.

"इथे," हे म्हणाले, "पूल आहे."
मी बघितलं. "हो," म्हटलं.
"सगळाच्या सगळा वर जातो. आडवाच्या आडवा."
"हो."
"आणि तिकडे दीपगृह. तिथे नाही, जरा डावीकडे."
मी जरा डावीकडे बघितलं.
यांचा हात मनगटापर्यंत धुक्यात गेला
आणि रिकामा परत आला.
मग, जणू यांच्याच हातून सांडलंय ते सगळं,
अशा आवाजात: "काल स्वच्छ होतं हो. खरंच."
असं पाहुण्यांना सांगतात.
मला हसू आलं, ते कोटाच्या कॉलरमध्ये ठेवलं.

तेवढ्यात भोंगा.
एक लांब, दोन आखूड.
दातांत वाजला, बांगड्यांत वाजला.
वळून बघते तर शेजारी कोणी नाही.
"अहो!"
पण भोंग्यापुढे 'अहो' ते किती पुरणार,
'अहो' तर कोणीही असतं.
मी नाव घेतलं.
आधी एकदाच घेतलं होतं,
उखाण्यात, चांदीच्या ताटात, जिलबीशेजारी ठेवून.
आता नुसतंच, उघडं:
"दिनकर!"
पाणी जिथे कुठे होतं, त्यावरून गेलं ते.

"अगं, इथेच आहे." दोन हातांवरून आवाज.
आणि समोर एक भिंत सरकायला लागली,
गंजकी, ओली, रिव्हेटांच्या रांगाच रांगा,
संपेचना.
वर कुठेतरी एक माणूस शिंकला.
पुलानं उत्तर दिलं, एक लांब, दोन आखूड,
आणि भिंत संपली, तिथे पुन्हा धुकं.
"नशीब," हे म्हणाले.
बाही सोडायची मला आठवण राहिली नाही.

जेवायला चिनी खाणावळीत. चार टेबलं, वाफ,
मालक मिस्टर मोय.
मी अंडंसुद्धा खात नाही, हे त्यांना समजावेतो
चहा निवला.
भिंतीवर कॅलेंडर: एक तळं.
पाण्यावर केस सोडलेली झाडं, कमानीचा पूल,
नावेत दोघं जण, पाठमोरे. लख्ख ऊन.
"तुमचं गाव का?" यांनी विचारलं.
फडक्याला हात पुसत मोय म्हणाले,
"आम्ही दक्षिणेकडचे. ते मीही बघितलेलं नाही.
तांदळाच्या पोत्याबरोबर फुकट आलं."
आत जाता जाता थांबले. "पण रोज बघतो."
मग आम्ही तिघंही बघत राहिलो जरा वेळ.

रात्री यांनी पाकीट काढलं, खुणा केल्या.
एक. दोन. तीन.
चारापाशी पेन अडलं.
"कर," मी म्हटलं.
'करा' नव्हे, हे दोघांनाही ऐकू आलं.
खूण झाली. इतरांपेक्षा जरा मोठीच.

मग मी बाबांना पत्र लिहायला बसले.
'तळं फार मोठं आहे. पलीकडचा काठ दिसत नाही.'
खोटं काही नव्हतं त्यात.
अलीकडचाही दिसला नाही,
एवढं लिहायला एअरोग्रामवर जागा उरली नव्हती.